गुडघ्यापर्यंतचा शेमला

फेटा बांधणारीला माणसाचा चेहरा फार वेळ बघायला मिळत नाही. तो खुर्चीत, आपण त्याच्या मागे, आणि हाताखाली डोकं. एवढी डोकी हाताळून झाली की मार बसलेलं डोकं बोटांना लगेच कळतं. टाक्यांची जागा टणक लागते. कुणी म्हणतं गाडीवरून पडलो, कुणी काहीच म्हणत नाही. माझ्याही डोक्यात तशी एक जागा आहे, बापाच्या चिमट्याची. तिथं केस येत नाहीत म्हणून मी भांग दुसऱ्या बाजूला पाडते.

मी गोंदियाकडची. ज्या वर्षी बापानं आईचा हात मोडला, त्या वर्षी भाताच्या रोवणीला तिच्या जागी मी चिखलात उतरले. तेव्हा आठवीत होते. रोवणी संपली, पण शाळेत परत कुणी पाठवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे एका कॅटरिंगवाल्यानं आमच्या भागातून मुली आणल्या, लग्नात गुलाबपाणी शिंपडायला आणि सरबताचे ट्रे फिरवायला. अशी मी नगरला आले. इथल्या एका लॉन्सवर माझ्या हातून ट्रे निसटला. ठेकेदारानं सगळ्या पाहुण्यांसमोर कानाखाली मारली, मी पडले, तर पडलेलीच्या कमरेत लाथ घातली. वऱ्हाडी बघत राहिले. तेवढ्यात नवरीकडच्या दारातून एक बाई आली, तिच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. तिनं ते ताट तसंच, कुंकू-तांदळासकट, ठेकेदाराच्या तोंडावर हाणलं. एकदा नाही, दोनदा. त्याचं नाक फुटलं आणि कुंकू कुठलं नि रक्त कुठलं ते समजेना.

"ऊठ गं," ती मला म्हणाली. "ह्याच्याकडं काम करायचं नाही. माझ्याकडं चल."

त्या माझ्या ताई. सावेडीत त्यांचं दुकान आहे. खाली फेटे, भाड्याच्या नऊवारी, नवरीचा मेकअप. वर मागच्या बाजूला एक खोली, ती माझी. देव आहे की नाही मला ठाऊक नाही, पण ताई आहेत. मी त्यांच्यासाठी काय करू शकते याचा विचार मी रोज करते, आणि उत्तर रोज एकच येतं, की नीट फेटा बांधायचा. कारण ते काम गेलं तर ती खोली गेली, आणि ती खोली गेली तर गोंदियाची गाडी, आणि त्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर बाप.

मी येण्याआधी इथं फेटा म्हणजे नवरदेव, त्याचा बाप आणि मामा, एवढंच होतं म्हणे. आता नगरमध्ये कशालाही फेटा लागतो. दुकानाचं उद्घाटन असो, बुलेटची रॅली असो, हळद असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो. सगळ्यांना एकाच रंगाचा हवा, फोटोत शोभला पाहिजे. मोबाईलमध्ये रील बघून येतात आणि म्हणतात, असा तुरा काढा, असा शेमला सोडा. शेमला म्हणजे फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक. पूर्वी तो खांद्याखाली थोडासा असायचा. आता तो वाढत चाललाय.

मी भित्री आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कुठल्याही कार्यक्रमाला गेले की आधी गेट कुठं आहे ते बघते, मग आमची गाडी कुठल्या तोंडानं लावलीय ते. ताई हसतात. म्हणतात, "तू फेटे बांधायला आलीस का पळून जायला?"

श्रीगोंद्याच्या पुढे एका गावात वाढदिवसाचा कार्यक्रम होता, त्या दिवशी गेट नव्हतंच. ऊस तुटून गेलेलं रान, त्यावर हिरवी मॅट टाकलेली. मॅटखालून खोडक्या पायाला टोचत होत्या. स्टेज मोठं, पुण्याहून आलेली नृत्यांगना, तिच्या मुली, काळ्या टी-शर्टातले बाउन्सर. ऊन उतरायच्या आतच माणसं ट्रॉल्यांवर, पाण्याच्या टाकीवर, बाभळीवर चढून बसली होती. पहिली मारामारी आम्ही कापडाचे गठ्ठे सोडत होतो तेव्हाच झाली, पुढच्या सोफ्यावर कोण बसणार यावरून. एकानं दुसऱ्याला खुर्चीच्या पायानं दातांवर मारलं. त्याला पाणी दिलं, खळखळून थुंकला, आणि तसाच रांगेत येऊन फेट्याला बसला. ओठ सुजलेला. मला म्हणाला, "ताई, जरा बारीक तोंड दिसंल असा बांधा."

रंग गुलाबी ठरलेला. आमच्याकडची दुसरी मुलगी, पाथर्डीकडची, माझ्यासमोर कापडाचं टोक ताणून धरत होती आणि मी गुंडाळत होते. मी डावखुरी. बाकीचे बांधणारे शेवटचं टोक उजव्या अंगाला खोचतात, माझं डाव्या कानाच्या मागे जातं. घट्ट बांधते. माझा फेटा नाचात सुटत नाही, म्हणून लोक माझ्याच खुर्चीवर येतात.

ज्याचा वाढदिवस होता त्याला सगळे शेठ म्हणत. तिशीचा असेल. पांढरं लिनन, कानावरचे केस पार बारीक कापलेले, वर झुलपं. बसल्या बसल्या म्हणाला, "शेमला लांब सोड. गुडघ्यापर्यंत. वर ड्रोन हाय, उडला पायजे."

"एवढा लांब पायात येईल, शेठ."

"आमच्या पायात लोकं येत्यात. तू सोड." मग समोर टांगलेल्या आरशातून माझ्याकडे बघत, "कुठली गं तू? बोलनं हिकडचं न्हाई."

"गोंदियाची."

"तिकडं वाघ हायेत म्हनं."

"आहेत ना."

"मंग तू इकडं काहून आली?" 'काहून' हा आमच्याकडचा शब्द, तो त्यानं मलाच परत केला. पोरं हसली. "वाघाला भिऊन आली, आन् आमच्यात घुसली."

मीही हसले. हसावं लागतं. शेमला गुडघ्यापर्यंत सोडला, बाकी फेटा आवळून बसवला, डाव्या कानामागे टोक खोचलं. उठून त्यानं मान झटकली, काही हललं नाही. "जमलं," म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं स्टेजवर माइक घेतला. "आमचे थोरले बंधू आलेले हायेत. ते बघा, ट्रॅक्टरपशी हुभे. दादा, या. दादाला गुलाबी फेटा बांधा. दादाला आज नाचवायचं."

शिट्ट्या झाल्या. ट्रॅक्टरजवळून एक माणूस चालत आला. शेठचा चुलत भाऊ, वयानं मोठा, साधे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. रांग आपोआप बाजूला झाली. तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मी कापड घेऊन हात पुढे केले तर हाताला केस टोचले. सगळं डोकं सारखं, बोटाच्या कांडाएवढंही न वाढलेलं. हौसेनं कुणी असं कापत नाही. हे मुंडनानंतर उगवलेले केस होते.

मी वाकून हळू विचारलं, "दादा, घरी काही झालं काय?"

"बाप गेला. तिसरा महिना हाय."

आमच्याकडेही वर्ष पाळतात. त्या वर्षात घरात गोडधोड नाही, रंग नाही, वाजंत्री नाही. आणि याचा बाप म्हणजे शेठचा सख्खा चुलता. एकच भावकी, एकच सुतक. सगळ्यांनी केस दिले असणार, एका शेठनं झुलपं राखली होती.

"मग मी नाही बांधत," मी म्हटलं. "कापड संपलं म्हणते."

"बांध."

"दादा, टोपी घाला तुम्ही. मी सांगते ना त्यांना."

त्यानं मान वळवली नाही. "चुलत्याची राख थंड न्हाई झाली, आन् त्यो बाया नाचवतोय. वर मला गुलाबी बांधतोय, समद्या तालुक्याफुडं. बांध तू. दिसू दे समद्यांना काय चाललंय ते."

मी ताईंकडे बघितलं. त्या स्टेजच्या पायरीशी हारांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी हातानं आवर म्हणून खूण केली. पाथर्डीची मुलगी टोक धरून माझ्याकडे बघत होती, तिला बहुतेक कळलं होतं. आम्ही बांधला. खुरट्या केसांवर कापड घसरत नाही, इतका चांगला फेटा माझ्या हातून क्वचितच बसला असेल. तो उठला आणि माझ्या पाया पडल्यासारखा किंचित वाकला. मी आमची गाडी कुठं आहे ते शोधलं, तर तिच्या पुढे दोन ट्रॉल्या लागलेल्या.

स्टेजवर केक आला. कापायला तलवार होती, ती शेठनं दोन्ही हातांनी उचलून ड्रोनला दाखवली. थोरला वर गेला. मला वाटलं बोलेल, माइक मागेल. तो नुसता उभा राहिला. शेठनं त्याला मिठी मारली आणि माइकवर म्हणाला, "रडायचं न्हाई दादा आज. म्हातारं गेलं, आपुन हाय." आणि केकचा गोळा घेऊन त्याच्या तोंडाला फासला, नाकापासून हनुवटीपर्यंत. लाइटवाले, बाउन्सर, नृत्यांगनेच्या मुली, सगळे हसत होते. गाणं सुरू झालं. शेठनं तलवार टेबलावर टाकली आणि नाचायला पाठ फिरवली, आणि तो लांब शेमला थोरल्याच्या हातासमोरून गेला.

थोरल्यानं तो धरला. मनगटाला एक वेढा घेतला, मागून शेठच्या गळ्याभोवती फिरवला आणि स्वतः स्टेजवरून खाली उडी मारली.

आवाज झाला तो शेठच्या पाठीचा, स्टेजच्या कडेवर. मग दोघं खाली, मॅटवर. थोरला बसलेला, पाय शेठच्या खांद्याला लावलेले, दोन्ही हातांनी शेमला ओढतोय. बैल आवरताना कासरा ओढतात तसा. तोंडावर केक. शेठचे डोळे बाहेर आले होते, तो गळ्याशी बोटं घालायला बघत होता पण कापड मांसात रुतलं होतं. पहिल्यांदा लोकांना वाटलं हीसुद्धा गंमतच आहे. रील काढणारे जवळ सरकले. मग शेठची माणसं थोरल्यावर पडली. बुक्के, लाथा, खुर्च्या. जेवढं ते त्याला मारत होते आणि मागे खेचत होते तेवढा फास आवळत होता, कारण शेमला त्याच्या मनगटाला होता. हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. एक जण शेठच्या डोक्यावरचा फेटाच ओरबाडून काढायला बघत होता, उजव्या बाजूनं. निघत नव्हता. मी बांधलेला.

मी कशी गेले ते मला सांगता येत नाही. पळायला निघाले होते हे नक्की. मग मी गुडघ्यांवर होते आणि माझ्या हाताखाली ते डोकं होतं, गरम, घामानं निथळणारं, निळं पडत चाललेलं. शेमल्याचं एक टोक थोरल्याच्या हातात, दुसरं डोक्यावरच्या वेढ्यांत अडकलेलं. डोक्यावरचं सुटलं तरच गळ्यावरचं ढिलं पडणार होतं. मी डाव्या कानामागे बोट घातलं, टोक ओढलं. माझ्या पाठीत काहीतरी बसलं, खुर्ची असेल. परत बसलं. मी वेढे सोडत गेले. एक, आणखी एक, आणखी. शेवटचा सुटला तशी थोरल्याच्या हातातली ओढ एकदम रिकामी गेली, तो मागे उलटला, आणि शेठच्या गळ्यातून आवाज आला, पंप कोरडा चालतो तसा. मग तो माझ्या मांडीवर ओकला.

माझ्यापासून हातभर अंतरावर ते थोरल्याला मारत होते. तो हात वर करत नव्हता. गुलाबीवर रक्त रक्तासारखं दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं. त्याच्या डोक्यावरचा फेटा हळूहळू ओला होत गेला, पण सुटला नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, तो होता म्हणून कवटी वाचली. ते मला ताईंनी सांगितलं. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं.

मग बंदोबस्ताच्या पोलिसांच्या काठ्या सुरू झाल्या. टाकीवरची माणसं खाली उड्या मारत होती, कुणाचा तरी पाय मोडल्याचं ओरडणं चाललं होतं. ताईंनी मला दंडाला धरून नृत्यांगनेच्या गाडीत कोंबलं. आत तिच्या मुली सीटखाली बसल्या होत्या, घुंगरू हातानं दाबून धरलेले. काचेवर दगड येत होते. नृत्यांगनेनं माझ्या ओढणीचा कोपरा घेऊन माझं तोंड पुसलं. "पहिल्यांदा का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्या कार्यक्रमात मागच्याच महिन्यात असं झालं," ती म्हणाली, "पाणी पी."

शेठ वाचला. थोरलाही वाचला, दवाखान्यातून पोलिसांनी त्याला नेलं, पुढे जामिनावर सुटला. आणि दोन्ही घरांचा राग मिळून आमच्या दुकानावर आला. शेठची माणसं आली ती म्हणत होती, तुमच्या पोरीनंच एवढा लांब शेमला सोडला, आन् त्याला फेटा कुनी बांधला, तिनंच ना. थोरल्याकडचे दोघे आले ते म्हणत होते, ती मधी कशाला पडली, भावाभावाचं हुतं, त्यांनी बघितलं असतं. त्याच आठवड्यात दुकानाच्या काचेतून वीट आत आली. नऊवारी नेसवलेला पुतळा आडवा झाला. वीट कुणाची ते आजही माहीत नाही, दोन्हीकडची असू शकते.

मी पिशवी भरली. दोन ड्रेस, आधार कार्ड, चार्जर. ताई काचा गोळा करत होत्या. म्हणाल्या, "कुठं?"

"गावी जाते. माझ्यामुळं तुमचं होऊन राहिलं हे."

"गावी कोण आहे?"

मी पिशवीची चेन ओढली.

"तो चिमटा अजून असेल ना घरात?" त्या म्हणाल्या. "झाडू घे. त्या कपाटाखाली बघ, काचा गेल्यात."

मी राहिले. पण हात राहिले नाहीत. कुणीही पुरुष खुर्चीत बसला, मी कापड त्याच्या मानेमागून घेतलं, की बोटं लाकडासारखी व्हायची. कापड सुटून खाली पडायचं. गिऱ्हाईक विचारायचं, बरं नाही का? ताईंनी मला दुसरी कामं दिली. इस्त्री, साड्यांच्या घड्या. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलत नव्हत्या, तेच मला जास्त लागायचं. रात्री मी उशीला फेटा बांधून बघायचे. उशीला जमायचा.

पाडव्याच्या शोभायात्रेला बायका आल्या, नऊवारी, नथी, गॉगल, बुलेट चालवणाऱ्या. ताईंनी मला न विचारता खुर्चीमागे उभं केलं. पहिल्या बाईनं केसांचा अंबाडा आधीच खाली घातला होता, म्हणाली, "घट्ट बांध गं, सासूबाई बघायला येणारेत, त्यांच्यासमोर सुटला तर वर्षभर ऐकीन." मी बांधला. टोक डाव्या कानामागे खोचलं. त्या दिवशी कितीतरी बांधले. मग हळूहळू पुरुषही. शेमला मी खांद्याखाली वीतभर ठेवायला लागले. लोक कुरकुरायचे. ताई म्हणायच्या, असू दे, तीच नवीन फॅशन आहे म्हणून सांग.

या वर्षीच्या लग्नसराईत नगरच्याच एका लॉन्सवर आमचं काम होतं. वऱ्हाडाची रांग लागलेली. पुढचा माणूस उठला, दुसरा बसला, झुलपं दिसली आणि मला आधी काही वाटलं नाही. मग मान दिसली. तिच्यावर एक रेघ होती, चामडी चुरगळून पुन्हा सपाट केल्यासारखी.

त्यानं आरशात मला बघितलं. ओळखलं. बोलला तेव्हा आवाज निम्माच उरला होता, पत्र्यावरून वाळू ओढावी तसा.

"वाघ काय म्हन्तो?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"बांध. शेमला गुडघ्यापर्यंत."

मी कापड धरून उभी राहिले. रांगेत चार जण होते, ताई पलीकडच्या टेबलाशी होत्या आणि ऐकत होत्या.

"लांब नाही सोडणार मी," मी म्हटलं.

"काय?"

"खांद्याच्या खाली वीतभर. त्याहून लांब नाही."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मला पाठीत खुर्ची बसल्याची जागा दुखायला लागली.

"आखूड ठिवला तर लोकं म्हन्तील शेठ भ्याला," तो म्हणाला. रागावून नाही. समजावून सांगितल्यासारखं.

"म्हणू दे ना."

"तुला काय जातंय म्हनू दे म्हनायला. तू जाशील गोंदियाला. मला त्याच गावात राहायचंय, दादाच्याच बांधाला." तो उठला. ताईंकडे वळून म्हणाला, "हिला मान म्हाईत हाय, मानपान म्हाईत न्हाई," आणि पाथर्डीच्या मुलीच्या खुर्चीवर जाऊन बसला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग ताईंकडे. ताईंनी मान हलवली, बांध म्हणून. तिनं गुडघ्यापर्यंत सोडला.

गिऱ्हाईक मी घालवलं होतं. ताई माझ्याजवळ आल्या, मला वाटलं आता बोलतील. "तुझा कोण आहे पुढचा?" एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्याला खुर्चीकडे हात केला. मी त्याला बांधला, खांद्याखाली वीतभर.

वरात निघाली तेव्हा आमचं काम संपलं होतं. ताईंनी गाडी काढली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येते रिक्षानं. डीजेच्या मागे गर्दीत शेठ नाचत होता आणि तो शेमला त्याच्या मागे लोळत होता, कुणाच्या पायाखाली येत होता, तो हिसका देऊन सोडवत होता. मी त्याच्या मागून चालत राहिले. शेमल्याच्या टोकापासून दोन हातांवर, हात मोकळे ठेवून. कुणीतरी विचारलं, नवरीकडच्या का? मी हो म्हटलं. मंडपाच्या दारातून तो आत गेला, खुर्चीत बसला, शेमला मांडीवर घेतला, तोवर मी होते.